चामखीळ: शब्दातला खिळा आणि कातडीवरची गाठ

प्रश्न थोडक्यात असा आहे. मानेवर आलेल्या बारीक, लोंबत्या गाठींना घरातल्या आजी ‘चामखीळ’ म्हणतात. डॉक्टरांनी कागदावर ‘स्किन टॅग’ लिहिले. नातवाच्या बोटावरच्या खरखरीत उंचवट्याला त्याच डॉक्टरांनी ‘वॉर्ट’ म्हटले, पण आजींच्या लेखी तीही चामखीळच. मग या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो आला कोठून, त्यातल्या ‘खीळ’चा खिळ्याशी खरोखर संबंध आहे का, आणि मराठीत लिहिताना या दोन गोष्टींना काय म्हणावे?

मी गेली सव्वीस वर्षे त्वचारोगांवर उपचार करते आहे आणि ‘डॉक्टर, ही चामखीळ काढायची आहे’ हे वाक्य माझ्या दवाखान्यात दिवसातून चार-पाच वेळा तरी ऐकू येते. शाळेत शिकलेले संस्कृत आणि पुढे जडलेला कोश चाळण्याचा नाद यांमुळे या शब्दाकडे माझे लक्ष वारंवार जात राहिले. आधी थेट उत्तर देते: संबंध आहे, आणि तो अगदी सरळ आहे. चामखीळ हा शब्द संस्कृत ‘चर्मकील’ या शब्दाचे मराठी रूप असून त्याचा अर्थ ‘कातडीतला खिळा’ असा आहे. मात्र हे नाव दिसण्यावरून पडलेले आहे, कारणावरून नव्हे. डोळ्यांना जे खिळ्याच्या माथ्यासारखे दिसले त्याला आपल्या पूर्वजांनी खिळा म्हटले, आणि पुढे कातडीतून वर आलेली बहुतेक प्रत्येक लहान गाठ त्या एकाच नावाखाली जमा झाली. आजींचा आणि डॉक्टरांचा मतभेद तेथूनच सुरू होतो.

शब्दाचा पूर्वार्ध सोपा आहे. संस्कृतातील ‘चर्म’ प्राकृतात ‘चम्म’ झाले आणि मराठीत येताना जोडाक्षरातले एक व्यंजन गळून आधीचा स्वर लांबला, म्हणजे ‘चाम’ झाले. कर्माचे काम आणि घर्माचा घाम ज्या वाटेने झाला तीच ही वाट. ‘चाम’ आज एकटे फारसे वापरले जात नाही. ते चामडे, चामडी, चामखीळ अशा शब्दांत शिल्लक आहे.

उत्तरार्ध अधिक रंजक आहे, कारण तेथे एक अडचण आहे. संस्कृत शब्द ‘कील’ आहे आणि मराठीत आपण ‘खीळ’ म्हणतो. शेवटच्या ‘ल’चा ‘ळ’ होणे हे मराठीच्या कानाला नवे नाही: फल–फळ, बाल–बाळ, तिल–तीळ. दोन स्वरांमधला एकेरी ल मराठीत ळ होतो आणि जोड ल मात्र ल राहतो; म्हणूनच ‘काल’चा ‘काळ’ झाला, पण ‘कल्य’चे प्राकृतातील ‘कल्ल’ मराठीत ‘काल’ म्हणून उरले. पण सुरुवातीच्या ‘क’चा ‘ख’ का व्हावा? नियमाने तो ‘क’च राहायला हवा होता, कर्माचा काम झाला, खाम झाला नाही. हा अपवाद जुन्या व्याकरणकारांच्याही नजरेतून सुटलेला नाही. बाराव्या शतकात गुजरातेत अणहिलवाड पाटण येथे होऊन गेलेल्या आचार्य हेमचंद्रांनी आपल्या प्राकृत व्याकरणात त्यासाठी एक स्वतंत्र सूत्रच दिले आहे: ‘कुब्जकर्परकीले कः खोऽपुष्पे’. कुब्ज, कर्पर आणि कील या तीन शब्दांत क चा ख होतो, मात्र कुब्ज हे फुलाचे नाव असेल तेव्हा होत नाही, असा त्याचा अर्थ. आता या तीन शब्दांची मराठी रूपे शेजारी शेजारी मांडून पाहावीत. कुब्जाचा ‘खुजा’, कर्पराचे ‘खापर’ आणि कीलाची ‘खीळ’. तिन्ही शब्द आजही आपल्या बोलण्यात आहेत आणि तिन्हींत ‘ख’ आहे. हे सूत्र पहिल्यांदा वाचले तेव्हा मला झालेला आनंद एखादे अवघड निदान बरोबर निघाल्यावर होतो त्याच जातीचा होता.

येथे आणखी एक बारकावा सांगितल्याशिवाय राहवत नाही. संस्कृतातील जोडशब्द प्राकृतातून मराठीत येताना त्यांच्या उत्तरपदाचा पहिला ‘क’ दोन स्वरांच्या मध्ये सापडून बहुधा नाहीसा झाला आहे. कुंभकाराचा कुंभार, सुवर्णकाराचा सोनार, लोहकाराचा लोहार आणि चर्मकाराचा चांभार झाला; ‘कार’मधला क कोणत्याही रूपात उरला नाही. म्हणजे बोलणाऱ्यांना हे शब्द दोन तुकड्यांचे वाटेनासे झाले होते. चर्मकीलाच्या बाबतीत असे घडले असते तर आज आपण चामखीळ म्हटले नसते, काहीतरी भलतेच म्हटले असते. त्यातला क टिकला, आणि तोही स्वतंत्र ‘कील’ शब्दाप्रमाणे ख होऊन टिकला, याचा अर्थ मला असा दिसतो की चाम वेगळे आणि खीळ वेगळी ही जाणीव पिढ्यान्‌पिढ्या कायम होती. हा शब्द वापरणाऱ्या प्रत्येकाला आपण ‘कातडीतला खिळा’ म्हणतो आहोत हे ठाऊक होते. आज ती जाणीव बोथट झाली आहे, म्हणून तर हा प्रश्न विचारावा लागतो.

‘खीळ’ स्वतः मात्र मराठीत चांगलीच जिवंत आहे. प्रगतीला खीळ बसते, तोंडाला खीळ घातली जाते, थंडीने किंवा भीतीने दातखीळ बसते. दातखीळ आणि चामखीळ हे शब्द एकाच साच्यातले आहेत, फरक एवढाच की दातखिळीत खिळा अडकवून ठेवतो आणि चामखिळीत तो ठोकल्यासारखा दिसतो. खिळा, खिळणे, नजर खिळवून ठेवणे हे सारे त्याच कुळातले. ज्यांच्या घरी संध्याकाळी रामरक्षा म्हटली जाते त्यांनी तर मूळ संस्कृत शब्द शेकडो वेळा उच्चारला असेल: सुरुवातीच्या विनियोगात हनुमंताला ‘कीलकम्’ म्हटले आहे, म्हणजे त्या मंत्राची खीळ. माझ्या एका वृद्ध रुग्णांना हे सांगितले तेव्हा त्यांनी मानेवर हात नेला आणि थोड्या नाराजीने म्हणाले, ‘म्हणजे मारुतीराय आणि ही एकाच शब्दातली?’ होय, एकाच शब्दातली.

आता वैद्यकाकडे वळते. चर्मकील हा शब्द आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत येतो तो थोडा अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे मूळव्याधीच्या प्रकरणात. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्शाचे, म्हणजे मूळव्याधीचे, वर्णन करताना सुश्रुत सांगतात की प्रकुपित झालेला व्यानवायू कफाला बरोबर घेऊन त्वचेच्या बाहेर स्थिर आणि खिळ्यासारखे अर्श निर्माण करतो आणि त्यांना चर्मकील म्हणतात. पुढे दोषांनुसार लक्षणे दिली आहेत: वायूमुळे टोचल्यासारखे दुखणे, कफामुळे त्वचेचाच रंग आणि गाठीसारखा आकार, पित्त व रक्तामुळे काळपटपणा. वाग्भटांनी अष्टांगहृदयात हेच ‘कीलोपमं स्थिरखरं’ अशा नेटक्या शब्दांत बांधले: खिळ्यासारखे, स्थिर, खरखरीत. त्याच वाग्भटांनी मूळव्याधीच्या कोंबांना ‘मांसकीलक’ म्हटले आहे. म्हणजे त्यांच्या दृष्टीने ही एक जोडी होती. आतल्या मांसाचा खिळा तो मांसकीलक आणि बाहेरच्या कातडीचा खिळा तो चर्मकील. मूळव्याध आणि चामखीळ यांना एकत्र बसवणे आजच्या वाचकाला विचित्र वाटेल, पण वर्गीकरण जर दिसण्यावर उभे असेल तर ते अजिबात विचित्र नाही. दोन्ही ठिकाणी शरीराच्या पृष्ठभागातून काहीतरी कोंबासारखे वर आले आहे. गुजरातीत मूळव्याधीला ‘हरस-मसा’ म्हणतात, त्यातला ‘हरस’ म्हणजे अर्श आणि ‘मसा’ म्हणजे कातडीवरचा मस. ती जुनी जोडी तेथे अजून मोडलेली नाही. मराठीने मूळव्याधीसाठी ‘मोड’ हा शब्द घेतला, जो मटकीला येतो तोच, आणि खिळा फक्त कातडीसाठी राखून ठेवला.

मस हा शब्द आपल्याकडेही काही घरांत चालतो, आणि पुष्कळदा चामखिळीच्या अर्थानेच चालतो, म्हणून त्याचे मूळ सांगून टाकते. सुश्रुतांनी क्षुद्ररोगांत ‘मषक’ सांगितला आहे: न दुखणारा, स्थिर, उडदासारखा काळा आणि वर उचललेला. माष म्हणजे उडीद. त्यावरून मषक, आणि त्यावरून आपला मस, हिंदीचा मस्सा. सोनाराच्या तराजूतला मासा, ज्याचे बारा मिळून तोळा होतो, तोही याच उडदाचा. मषकाच्या शेजारीच ‘तिलकालक’ आहे, तिळाएवढा, काळा आणि त्वचेच्या पातळीत राहणारा. तो आपला तीळ. थोडक्यात, सपाट असेल तर तीळ आणि उचललेला असेल तर उडीद, असे स्वयंपाकघरातल्या डब्यांतून आणलेले हे निदानशास्त्र आहे, आणि ते मला आजही उपयोगी वाटते, कारण दवाखान्यात मीही सगळ्यात आधी बोट फिरवून तेच पाहते: पृष्ठभाग सपाट आहे की उचललेला. गालावरच्या काळपट डागांना आपण वांग म्हणतो, त्याचे मूळ त्याच प्रकरणातल्या ‘व्यंग’ शब्दात आहे. चामखीळ या मंडळींत वेगळी पडते, कारण बाकीच्यांची नावे रंग, धान्य किंवा दोष यांवरून पडली आणि हिचे मात्र अवजारावरून पडले.

खिळ्याची ही कल्पना फक्त आपलीच नाही. रोममध्ये पहिल्या शतकात सेल्सस याने लॅटिन भाषेत वैद्यकावर जो ग्रंथ लिहिला त्याच्या पाचव्या भागात अशा गाठींचे चार प्रकार दिले आहेत. त्यांतल्या पायाला होणाऱ्या प्रकाराचे नाव आहे ‘क्लाव्हस’, म्हणजे लॅटिनमध्ये खिळा. दुसऱ्याचे नाव ग्रीक आहे, ‘मिर्मेकिया’, ज्यात मुंगी दडलेली आहे. तिसऱ्याचे नाव एका सुगंधी रानझुडपाच्या फुलावरून आले. चौथा ‘अॅक्रोकॉर्डन’, म्हणजे दोरीचे किंवा आतड्याच्या तातीचे टोक. हा शेवटचा शब्द आजच्या वैद्यकीय पुस्तकांत स्किन टॅगसाठी वापरला जातो. पण सेल्ससचे वर्णन नीट वाचले तर काहीतरी वेगळेच दिसते. त्याने म्हटले आहे की या गाठी मुख्यतः मुलांना होतात, एका वेळी बहुधा अनेक येतात आणि कधीकधी अचानक नाहीशा होतात. हे वर्णन स्किन टॅगचे असूच शकत नाही. मुलांना होणारी, घोळक्याने येणारी आणि आपोआप जाणारी गाठ म्हणजे विषाणूची वॉर्ट. तेव्हा त्यांच्याकडेही शब्द वॉर्टवरून सरकत स्किन टॅगवर आला, आणि आपल्याकडेही ‘स्थिर, खरखरीत खिळा’ असे वर्णन असलेला शब्द मऊ, लोंबत्या गाठीवर जाऊन बसला. आजींनी केलेला घोटाळा, जर त्याला घोटाळा म्हणायचे असेल तर, दोन संस्कृतींतल्या विद्वानांनीही केलेला आहे.

पाठ्यपुस्तकांत वॉर्टला ‘व्हेरूका’ म्हणतात. हा लॅटिन शब्द आधी टेकाड, उंचवटा या अर्थाचा होता. केटो या रोमन लेखकाने युद्धाच्या वर्णनात सैनिकांनी ताब्यात घ्यावयाच्या टेकडीसाठी तो वापरला आहे. व्युत्पत्तिकार त्याचा संबंध उंचीचा अर्थ असलेल्या एका प्राचीन धातूशी जोडतात, ज्याच्या वंशात संस्कृत ‘वर्ष्मन्’, म्हणजे शिखर, हाही शब्द येतो. त्यांनी टेकडी पाहिली, आम्ही खिळा पाहिला.

आता प्रत्यक्ष कातडीकडे येते, कारण शब्दाचा अर्थ पूर्ण कळण्यासाठी वस्तू जवळून पाहणे आवश्यक आहे. बोटावरची किंवा तळपायाची वॉर्ट भिंगाखाली धरली तर तिचा माथा खडबडीत, फुलकोबीच्या तुऱ्यासारखा दिसतो, आणि बोटांच्या ठशाच्या रेषा तिच्यापाशी येऊन खंडित होतात. वरची निबर कातडी पात्याने हळूहळू खरवडली की आत मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसू लागतात. पुष्कळ रुग्ण तेव्हा वाकून पाहतात आणि समाधानाने म्हणतात, ‘ते पाहा, मूळ दिसले.’ ते मूळ नव्हे. त्या रक्त साकळलेल्या अतिसूक्ष्म केशवाहिन्या आहेत. थोडे आणखी खरवडले तर तेथूनच टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब येतात. याच खुणेवरून तळपायाची वॉर्ट आणि कुरूप यांतला फरक ओळखता येतो, कारण कुरूप खरवडल्यावर आत काळे ठिपके नसतात, काचेसारखा स्वच्छ, कठीण गाभा असतो. कुरूप सरळ दाबले की दुखते, वॉर्ट दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की अधिक दुखते.

या ठिकाणी जुना शब्द आपली दिशाभूल करतो, आणि हे मी रुग्णांना आवर्जून सांगते. खिळा म्हटले की खाली अणकुचीदार टोक आले, आणि टोक आले की ते उपटून काढल्याशिवाय सुटका नाही ही समजूतही आली. ‘मुळासकट काढा, नाहीतर पुन्हा येईल’ हा आग्रह त्यातूनच येतो. वास्तवात वॉर्ट त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात, बाह्यत्वचेत, वाढते. तळपायावर शरीराच्या वजनाने ती आत दाबली जाते, पण त्या थराखाली शिरत नाही. तिला टोक नाही आणि मूळही नाही. ती पुन्हा येते ती शेजारच्या, वरून निरोगी दिसणाऱ्या त्वचेत विषाणू उरलेला असतो म्हणून. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. हातापायांच्या वॉर्ट निर्माण करणारे प्रकार वेगळे आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंधित प्रकार वेगळे, तेव्हा बोटावरच्या चामखिळीवरून त्या दुसऱ्या आजाराची धास्ती घेण्याचे कारण नाही. वॉर्ट विषाणूच्या संसर्गाने होते हे इटलीतील च्युफो या डॉक्टरांनी १९०७ साली दाखवले. त्यांनी गाळणीतून गाळलेला, पेशीविरहित अर्क वापरून ती एका त्वचेवरून दुसऱ्या त्वचेवर उत्पन्न करता येते हे सिद्ध केले. त्याआधीची सगळी नावे, आपले चर्मकील धरून, केवळ डोळ्यांनी दिलेली आहेत.

विषाणूचा प्रवास पाहायचा असेल तर दाढी करणाऱ्या तरुणाचा गाल पाहावा. एखादी वॉर्ट वस्तऱ्याखाली कापली जाते आणि दोन-तीन महिन्यांत त्याच फटकाऱ्याच्या रेषेत आठ-दहा बारीक चपट्या वॉर्ट ओळीने उभ्या राहतात. नखे कुरतडणाऱ्या मुलांच्या नखांच्या कडेने त्या अशाच पसरतात. मुलांमधल्या बहुतेक वॉर्ट वर्ष-दोन वर्षांत काही न करता जातात, कारण शरीर उशिरा का होईना त्या विषाणूला ओळखते. मंतरलेले मीठ, देवाला वाहिलेली चामखीळ यांच्या यशाचे रहस्यही त्यातच आहे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. न दुखणाऱ्या वॉर्टवर मीठ उतरवणे हे तिच्यावर अॅसिड ओतण्यापेक्षा पुष्कळ बरे.

स्किन टॅग ही सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. परवाच पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या. मंगळसूत्राची काळी पोत जेथे मानेवर घासते त्या ओळीत दहा-बारा मऊ, देठावर लोंबणाऱ्या गाठी होत्या, काही तांदळाच्या कण्यांएवढ्या, एक हरभऱ्याच्या डाळीएवढी, आणि पोत तिच्यातच अडकून ती लाल झालेली. बोटाने ढकलली की गाठ देठावर डोलत होती. खिळा कधी डोलत नाही. ही विषाणूची लागण नाही, एकाची दुसऱ्याला होत नाही. त्वचेचाच एक मऊ पदर वाढून बाहेर आलेला असतो. मान, काख, जांघ, पापण्या अशा जेथे कातडी कातडीवर किंवा कपड्यावर घासते तेथे त्या होतात, वाढत्या वयात, वाढत्या वजनात आणि गरोदरपणात अधिक होतात. त्या बाईंच्या मानेची मागची बाजू काळपट आणि मखमलीसारखी जाड झालेली होती. अशी मान आणि अनेक स्किन टॅग एकत्र दिसले की मी गाठी काढण्याआधी रक्तातील साखर तपासायला सांगते, कारण शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावल्याची ती खूण असू शकते. ‘चामखिळीसाठी आले आणि साखरेची चिठ्ठी दिली’ अशी कुरकुर ऐकावी लागते, ती ऐकून घ्यावी.

घरगुती उपायांतही हा फरक उतरलेला आहे, हे मला फार उशिरा लक्षात आले. घोड्याच्या शेपटीचा केस चामखिळीला बांधायचा, म्हणजे ती आठवड्याभरात वाळून गळते, हा उपाय आपल्याकडे सर्वांना माहीत असतो. तो देठ असलेल्या गाठीला लागू पडतो, कारण देठातला रक्तपुरवठा बंद होतो; बसक्या, देठ नसलेल्या वॉर्टला केस बांधणार तरी कोठे? उलट ओला चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र करून लावण्याचा उपाय बसक्या चामखिळीवर केला जातो. या दोघांच्या मिश्रणातून कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो कातडी जाळतो. गंमत अशी की सुश्रुतांनी चर्मकीलावर सांगितलेली चिकित्सा याच जातीची आहे: शस्त्राने कापून, उरलेला भाग क्षाराने किंवा अग्नीने जाळावा. त्यांचा क्षारही वनस्पतींची राख आणि भाजलेले शंख-चुनखडी यांच्यापासून केलेला दाहकच असे. पण तो किती वेळ ठेवायचा आणि मग आंबट द्रव्याने कसा शमवायचा हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. घरच्या चुना-सोड्यात नेमका हाच अर्धा भाग गळलेला असतो. बिब्बा लावून आलेल्यांची अवस्था त्याहून वाईट. एकदा पापणीजवळच्या चामखिळीला बिब्ब्याचे तेल लावलेले गृहस्थ आले, तेव्हा चामखीळ जशीच्या तशी होती आणि डोळा मात्र सुजून पूर्ण मिटला होता.

आज आम्ही वॉर्ट सॅलिसिलिक अॅसिडने हळूहळू झिजवतो किंवा उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनने गोठवतो. स्किन टॅग देठाशी कापतो किंवा विजेच्या सुईने जाळतो. शस्त्र, क्षार आणि अग्नी यांची जागा बदललेली नाही, थंडी तेवढी नवी आली आहे.

चामखीळ म्हणून येणाऱ्या आणखी दोन पाहुण्या आहेत, त्यांचा उल्लेख पुरे. उतारवयात पाठीवर आणि कानशिलांवर मेणाचे काळे थेंब चिकटवल्यासारखे जे उंचवटे येतात ते सेबोऱ्हिक केराटोसिस असून निरुपद्रवी असतात. मुलांच्या अंगावर मोत्यासारखे, मध्यभागी खळगा असलेले दाणे येतात ते मोलस्कम, आणि त्यांचा विषाणू देवीच्या विषाणूच्या कुळातला असतो. मात्र जी ‘चामखीळ’ भराभर वाढते, रंग बदलते, आपोआप रक्त गाळते किंवा महिनोन्‌महिने भरून येत नाही, तिच्यावर कोणताही उपाय करण्याआधी ती तज्ज्ञाला दाखवावी आणि काढलेला तुकडा तपासणीला पाठवावा. शब्द एकच असल्यामुळे गफलत होते ती नेमकी येथे.

राहिला लिहिण्याचा प्रश्न. शब्द स्त्रीलिंगी आहे: ती चामखीळ, अनेकवचन चामखिळी, आणि विभक्ती लागली की ‘खी’ ऱ्हस्व होते, चामखिळीला, चामखिळीवर. ‘चामखील’ हे रूप मराठी नव्हे. मराठी लेखनात ‘चर्मकील’ वापरायला हरकत नाही, पण घरात कोणी तो शब्द बोलत नाही आणि माझ्या मते त्याची गरजही नाही, कारण तो आपल्याच शब्दाला पुन्हा संस्कृत अंगरखा घालणे आहे. व्युत्पत्तीला धरून बोलायचे तर नातवाच्या बोटावरची ती खरी चामखीळ, स्थिर आणि खरखरीत. आजींच्या मानेवरची मऊ गाठ हे नाव उसने घेऊन बसलेली आहे. पण शेकडो वर्षे वापरात रुळलेले उसने आता परत मागता येणार नाही. म्हणून मी रुग्णांच्या चिठ्ठीवर मराठीत दोन साधी नावे लिहिते: लोंबणाऱ्या गाठीला ‘देठाची चामखीळ’ आणि खरखरीत गाठीला ‘विषाणूची चामखीळ’. पहिलीच्या खाली ‘पसरत नाही’ आणि दुसरीच्या खाली ‘टॉवेल, वस्तरा वेगळा ठेवा’ एवढे लिहिले की आजी आणि नातू, दोघांनाही आपापली चिठ्ठी कोणती ते कळते.